सर्व संतांच्या सणाची संध्याकाळ

प्रिय पोपट,

मागच्या मुलाखतीला जाळीपलीकडे बसून तू ‘बरा आहे’ म्हणालास, ‘जेवतो’ म्हणालास आणि मग वेळ संपेपर्यंत माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघत राहिलास. माझ्या शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याशी तावातावाने भांडत होती. मला तिचा हेवा वाटला बघ, निदान भांडण तरी होत होतं. तुला आम्ही पोपट का म्हणायला लागलो, आठवतं का? फादरांचं प्रवचन चालू असताना तू बाकावर उभा राहून मागच्या ओळीतल्या लोकांना आदल्या दिवशी आपल्या घरात काय काय झालं ते सांगायचास. एकदा बाबांनी तुझ्या तोंडावर हात ठेवला, तर त्यांच्या बोटांच्या फटीतून तुझं चालूच. तुरुंगातल्या त्या खोलीत गलका इतका की मला जे सांगायचंय ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले. पत्रं तिथल्या ऑफिसात उघडून वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचू देत.

घरचं चाललंय. हॉस्पिटलच्या लाँड्रीत नवा मुकादम आलाय. चादरी मोजताना तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, म्हणून आमच्या बायका मुद्दाम त्याला काहीबाही विचारतात. मी विचारत नाही, पण हसते. मनगट दुखतं म्हणून मला इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावरून काढून घड्या घालायला बसवलंय, त्यामुळे वाफेतून सुटले. वरच्या मजल्यावरच्या मावशी अजून येतात, वाटीभर साखर न्यायला आणि पोतंभर बातम्या द्यायला. मोरीचा नळ गळतो. बाबा असते तर चहा उकळेपर्यंत त्यांनी तो दुरुस्त केला असता आणि वर आपल्यालाच ऐकवलं असतं की या घरात सुताराला सगळं यावं लागतं.

बाबांबद्दल तू कधीच विचारत नाहीस. विचारायला धीर होत नसेल. म्हणून न विचारताच सांगते.

तुला शिक्षा झाली त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते सकाळी उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि चर्चमध्ये मिस्सेला निघाले. मी चुलीपाशी... नाही, गॅसपाशी उभी होते. चूल कुठली आता, पण त्या दिवशी माझं डोकं इतकं तापलं होतं. मी म्हटलं, ‘कुठल्या तोंडाने जाताय?’ ते चपला घालत होते. म्हणाले, ‘आहे त्याच तोंडाने. लाज वाटते म्हणून आपण जायचं नाही, तर मग जायचं कुणी? ज्यांना लाज वाटत नाही त्यांनी?’ आणि गेले. वेदीसमोरच्या ज्या बाकावर आपण तिघं बसायचो तिथं मात्र ते बसले नाहीत. मागे दाराजवळ, खांबाला टेकून उभे राहिले. चर्चमधले निम्मे बाक त्यांच्या हातचे, आणि बसायला त्यांना एक नव्हता. मावशींनी मला हे येऊन सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात कीव होती की मजा, मला कळलं नाही. संध्याकाळी मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, ‘त्या बाकांना मी रंधा असा मारलाय की बसलं की झोप लागते. उभं राहिलं की प्रवचन ऐकू येतं.’

तेव्हापासून त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. रविवारच नाही, रविवार सोडून जे सण असतात, ज्यांना मिस्सा चुकवायची नसते, तेही. कामाचा दिवस असला तर कारखान्यातून सुट्टी मागून, केसांत भुसा तसाच घेऊन जायचे. लोक त्यांच्याशी बोलत नसत असं नाही. बोलायचे, पण हवापाण्याचं बोलायचे. मी गेले नाही. देवाशी भांडण होतं असंही नव्हतं माझं. मला फक्त एका माणसासमोर जायचं नव्हतं, आणि ते माणूस तिथं नक्की भेटलं असतं.

मग थंडीत बाबा गेले. सकाळी, आरशासमोर, अर्ध्या गालाला साबण तसाच. मी बाहेरून हाक मारत राहिले की चहा गार होतोय. हे तुला कुणी सांगितलं नसेल. त्यांच्या कारखान्यातल्या लोकांनी रात्रभर बसून शवपेटी केली. तिचे कोपरे असे जुळवले होते की बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला असता आणि ‘हं’ म्हटलं असतं. त्यांच्या तोंडून ‘हं’ निघालं म्हणजे मोठी शाबासकी. तुला यायची परवानगी मिळाली होती, गाडी तयार होती, आणि तू बराकीतून उठलाच नाहीस, हे मला तुमच्या तुरुंगात येणाऱ्या फादरांनी नंतर सांगितलं. मी रागावले नाही रे. पेटीबरोबर चर्चच्या पायऱ्या चढताना मलाच कळलं, तू इथून कसा येणार होतास? त्याच पायऱ्यांसमोरच्या रस्त्यावर तुझ्या गाडीखाली ती गेली होती.

शिवणकाकूंची ती एकुलती एक मुलगी. काकूंना ‘शिवणकाकू’ हे नाव तूच दिलंस, बोबडं बोलत होतास तेव्हा, आणि ते सगळ्या गल्लीला चिकटलं. वेदीसमोर तू पहिल्यांदा पवित्र भाकर घेतलीस, त्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा सदरा त्यांनीच शिवला. बाही लांब ठेवली होती, पुढे उसवून वाढवता यावी म्हणून. ती तुझ्यापेक्षा थोडी मोठी, तू तिला ताई म्हणायचास. पुढे ती आमच्याच हॉस्पिटलात नर्स झाली, तिचे पांढरे कपडे आमच्या लाँड्रीतून जायचे आणि माझ्या हाती आले की मी कॉलरला जरा जास्त दाबून इस्त्री करायचे. शिवणकाकू आणि मी एका बाकावर बसून वाढलेल्या बायका. तिचा आवाज चांगला, माझा नाही, म्हणून गाताना ती मला कोपराने ढोसून हळू करायची. नवरा गेल्यावर तिला उरलं होतं ते एवढंच, ती मुलगी आणि ते मशीन.

त्या घटनेनंतर लोक काय काय बोलले ते तू ऐकलं नाहीस हे एक बरं झालं. जिभेला हाड नसतं. अर्धे म्हणायचे, हा मिस्सेला गेला असता, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी गोदामात दारू पीत बसला नसता, तर हे झालंच नसतं. आणि उरलेले अर्धे दबक्या आवाजात म्हणायचे, ती बिचारी सण पाळायला आली म्हणूनच गेली; ड्यूटीवरून सरळ घरी गेली असती तर आज असती. ज्याने सण मोडला तो जगला, जिने पाळला ती मेली. मी घड्या घालताना हेच उलटंसुलटं करत राहायचे, आणि एकही घडी नीट बसायची नाही.

बाबांच्या नंतर मी एकटी घरी. राखेचा बुधवार आला. दरवर्षी बाबा त्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन यायचे आणि रात्री उशीला डाग पडायचा, मी चिडायचे. त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझे पाय आपोआप चर्चकडे वळले. खांबापाशी जिथं ते उभे राहायचे तिथं कुणीच नव्हतं. एवढी माणसं, पण तेवढी जागा मोकळी. मी तिथं जाऊन उभी राहिले. फादरांनी कपाळावर राख लावली, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील म्हणाले, आणि मला वाटलं, चला, इथं निदान कुणी खोटं तरी बोलत नाही. तेव्हापासून जायला लागले. शिवणकाकू पुढे, वेदीसमोर, मी मागे. ती वळून बघायची नाही. ‘एकमेकांना शांती द्या’ असं फादर म्हणाले की सगळे हात मिळवायचे, ती तेवढा वेळ डोळे मिटून उभी असायची.

गुड फ्रायडेला क्रूसाच्या पायांचं चुंबन घ्यायची रांग लागते. त्या दिवशी मिस्सा नसते, वेदी उघडी, गाणं नाही, चर्च पोरकं वाटतं. रांग हलता हलता मी तिच्या मागेच येऊन पोचले, आणि तिथून निघून जाणं शक्य नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, ओठ टेकवले, आणि तिला उठता येईना. मशीन चालवून चालवून तिचे गुडघे गेलेत. मी काही विचार केला नाही, तिच्या कोपराखाली हात घातला आणि उचललं. माझ्या हातावर सगळा भार टाकून ती उठली, मग हात कुणाचा ते तिने पाहिलं. झिडकारला नाही. माझी बोटं तिने आपल्या दंडावरून एकेक करून सोडवली, जशी शिवणीत अडकलेली टाचणी काढतात तशी, आणि खाली मान घालून चालू लागली. मी क्रूसाशी वाकले तेव्हा माझ्या ओठांना लाकूड लागलं की माझेच अश्रू, मला सांगता येणार नाही.

मग मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आला. कामाचा दिवस, म्हणून संध्याकाळची मिस्सा. तिची जागा रिकामी. तिच्यासारखी बाई सणाची मिस्सा चुकवते म्हणजे अंथरुणाला खिळलेली असणार. मिस्सा संपली तरी मी पायऱ्यांवर घुटमळत राहिले, आणि मग घरी जायच्या ऐवजी तिच्या गल्लीत शिरले. दार उघडं होतं. ती मशीनवर होती, पायाला पट्टी बांधून, कुणाच्या तरी पोरीचा फ्रॉक शिवत. मी उंबऱ्यावर उभी. तिने मशीन थांबवलं नाही. ती शिवण पुरी झाली, तिने दातांनी दोरा तोडला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘आज प्रवचन कोणी केलं?’

इतक्या काळानंतरचं तिचं पहिलं वाक्य हे. मी म्हटलं, ‘म्हाताऱ्या फादरांनी.’ ती म्हणाली, ‘म्हणजे लांबलं असणार.’ मी म्हटलं, ‘लांबलं.’ मग तिने समोरच्या स्टुलावरचे कपडे उचलून बाजूला ठेवले. बस म्हणाली नाही, पण स्टूल मोकळं केलं. मी बसले.

तिने मशीनमध्ये नवा दोरा ओवला. मग ती म्हणाली, ‘त्या संध्याकाळी मला ताप होता. मी घरी होते. तू होतीस चर्चमध्ये.’ मी हो म्हटलं. ‘ती कुठं बसली होती?’ पोपट, हे मी तुलाही कधी सांगितलेलं नाही. कोर्टात कुणी विचारलं नाही, कारण कोर्टाला त्याचा उपयोग नव्हता. ती माझ्या शेजारी बसली होती. मी तुझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, बाकावर माझी पिशवी ठेवून. येतो म्हणाला होतास ना तू. बाबांना त्या दिवशी ताबडतोबीचं काम होतं, ते सकाळच्या मिस्सेला जाऊन आले होते. मिस्सा सुरू झाली, पहिलं वाचन झालं, तुझा पत्ता नाही. ती धापा टाकत आली, हॉस्पिटलच्या कपड्यांतच, वर स्वेटर. मी पिशवी उचलली आणि तिला बसवलं.

शिवणकाकूला मी सगळं सांगितलं. ती एकेक विचारत गेली. स्वेटर कुठला? निळा. बटणं लावली होती का? वरचं एक लावलं नव्हतं. गात होती का? मी तिला म्हटलं, ‘गात होती, आणि माझा सूर गेला तेव्हा तुझ्यासारखंच कोपराने ढोसलं तिने मला.’ हे ऐकून शिवणकाकूने तोंडाला पदर लावला, आणि आधी माझ्या लक्षात आलं नाही की ती हसतेय, आणि मग लक्षात आलं की नुसती हसत नाहीये. कम्युनियन घेतलं का? घेतलं. शांती द्यायच्या वेळी? मी म्हटलं, तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. हात गार होते, हॉस्पिटलच्या साबणाचा वास होता. म्हणाली, ‘काकू, तुमच्या इस्त्रीने माझी मान कापते.’ शेवटच्या आशीर्वादानंतर गाणं संपायची वाट न बघता ती निघाली, म्हणाली, ‘आईचं औषध घ्यायचंय, दुकान बंद होईल.’ मी तिला जायला पाय आत घेतले. आम्ही शेवटचं कडवं म्हणत होतो तेव्हा बाहेर आवाज झाला.

तिने पुढचं विचारलं नाही. पुढचं तिला माहीत होतं. बाहेर मी धावले तेव्हा आधी गाडी ओळखली की तिला ओळखलं, हे मलाही अजून कळत नाही.

अंधार पडला तरी तिने दिवा लावला नाही. मग म्हणाली, ‘माझी आली म्हणून गेली. तुझा आला नाही म्हणून गेली. मी दोन वर्षं देवाला हेच विचारत होते, यातलं खरं कुठलं. आता नाही विचारत.’ मी तिला विचारलं, मग मिस्सेला येतेस कशी? ती म्हणाली, ‘दुसरीकडे तिचं नाव कोण घेतं? हॉस्पिटलने तिच्या जागी दुसरी घेतली, घरमालक तिच्या खोलीत भाडेकरू ठेव म्हणतो. लोक माझ्यासमोर तिचं नाव टाळतात, मला त्रास होईल म्हणून. मिस्सेत मेलेल्यांसाठी प्रार्थना करताना मी ते मनात घेते. तिथं ते कुणी टाळायला सांगत नाही.’ थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘तो जातो का, तिथं, मिस्सेला?’ मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, नाही. तुरुंगात फादर येतात, वर्कशॉपच्या शेडमध्ये टेबल लावून मिस्सा करतात, पण तो बराकीतून बाहेर येत नाही. बापाच्या मिस्सेलाही आला नाही.

ती उठली, दिवा लावला, तो फ्रॉक घडी घालून ठेवला. मला वाटलं आता जा म्हणेल. ती म्हणाली, ‘मी त्याला माफ केलंय असं त्याला सांगू नकोस. मी केलेलं नाही, आणि देवासमोर मी खोटं बोलत नाही. पुढे होईल की नाही तेही माहीत नाही. पण तिचं नाव घेणारी मी एकटीच राहिलेय, आणि माझे गुडघे असे. मी गेल्यावर तिचं नाव कुणाच्या तोंडी नसेल. त्याला म्हणावं, त्याने घ्यावं. मिस्सेत घ्यावं, मोठ्याने, चार माणसांत. ताई म्हणायचा ना तिला?’ एवढं बोलून तिने मशीनवर झाकण टाकलं. दारापर्यंत ती माझ्याबरोबर आली नाही, पण मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत दार लावल्याचा आवाजही आला नाही.

हे सांगायला इतके आठवडे लागले, कारण समोर बसून मला जमलं नसतं. तो सर्व संतांचा सण आता पुन्हा तोंडावर आलाय, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृतांचा. तुमच्या फादरांना मी विचारलंय. त्या दिवशी सकाळी ते तिथं मिस्सा करणार आहेत, आणि प्रत्येकाला आपापल्या मेलेल्या माणसांची नावं मोठ्याने घ्यायला सांगणार आहेत. तू ऊठ आणि जा. देवावर विश्वास उरला नसेल तर तसाच जा, प्रार्थना येत नसेल तर गप्प बस, लाज वाटत असेल तर ती घेऊन जा. मी तुझ्याकडून आजवर काही मागितलं नाही, हेसुद्धा माझं मागणं नाही, मी फक्त निरोप आणलाय. तिचं नाव मी या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही, ते तुझ्याच तोंडून पहिल्यांदा निघावं म्हणून. बाबांचंही नाव घे, त्यांना बरं वाटेल. पण आधी तिचं घे.

तुझीच,
आई